लोबानाखालचा वास

आमच्या घरात वास घालवायचं काम मायचं होतं आणि तो गेला की नाही हे सांगायचं काम माझं. मायला वास येत नसे. माझ्या जन्माआधी तिला कसलासा मोठा ताप आला होता, त्यातून ती उठली ती नाक तिथंच ठेवून उठली, असं ती स्वतःच हसत सांगायची. दूध करपलं तर तिला धूर दिसल्यावर कळायचं. वरण आंबलंय का, तेल खवट झालंय का, पावसाळ्यात घरात वाळवलेल्या चादरीला कुबट वास मारतोय का, प्रत्येक गोष्टीला माझी हाक व्हायची. "ये गं, हुंगून सांग." हातातलं पुस्तक उपडं ठेवून मी उठायचे. शेजारपाजारच्या बायका मला मायचं नाक म्हणायच्या आणि मला त्याचा केवढा तोरा होता. आता पन्नाशी उलटली तरी माझं नाक तसंच तिखट आहे, आणि खरं सांगायचं तर या नाकाचा मला वीट आलाय. आमच्या अपार्टमेंटच्या लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची पोरं शिरतात, अंगावर अर्धी बाटली डिओ मारलेली, तोंडात च्युइंगगम, मोबाइलमध्ये मान. त्यांच्या आयांना वाटत असेल, पोरगं किती टापटीप राहतं. मला डिओच्या खालचं येतं. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहते आणि माझा मजला आला की उतरते.

तेव्हा आम्ही बरकतपुऱ्यात एका बोळात राहायचो. दोन खोल्या, मागं सामाईक अंगण, अंगणात एक नळ, कपडे धुवायचा दगड आणि एक सीताफळाचं झाड. अंगणाच्या पलीकडच्या दोन खोल्या नसीम खालांच्या. खाला विधवा होत्या, शिवणकाम करायच्या, आणि दिवसभर त्यांच्या मशीनचा आवाज आमच्या घरातही चालू असायचा. काचीगुडा स्टेशन जवळ असल्यानं गाड्यांच्या शिट्ट्या जेवताना, झोपताना, अभ्यास करताना कानावर यायच्या. माझा मोठा भाऊ आनंद, आमचा दादा, शिट्टीवरून गाडी ओळखायचा. "ही नांदेडकडची. ही मालगाडी, हिला काही घाई नाही." खरं की खोटं, कोण बघायला जाणार? माय म्हणायची, "लेका, इतकं ध्यान अभ्यासात दिलं असतं तर." माय-बाबा दोघंही परभणीकडचे. बाबांना आबिड्सच्या एका सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली म्हणून आम्ही इथले झालो. घरात मराठी, अंगणात दखनी आणि बोळाच्या तोंडाशी गेलं की तेलुगू. सकाळी भाकरी आणि अंबाडीची भाजी. आमच्याकडून खालांकडं शेंगदाण्याचा ठेचा जायचा आणि त्यांच्याकडून खट्टी दाल यायची, भांडी रिकामी कधी परतायची नाहीत. रविवारी बाबा आम्हा दोघांना बसवून मराठी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावायचे, नाहीतर पोरांची भाषा जाईल म्हणून. दादा अग्रलेख रेडिओवरच्या तेलुगू बातम्यांच्या चालीत वाचायचा. माय पदराचा बोळा तोंडात कोंबून हसायची आणि बाबासुद्धा चष्मा पुसायच्या निमित्तानं मान खाली घालायचे.

बाबांच्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एक म्हणजे पौर्णिमेची वंदना. त्या दिवशी आमच्या बाहेरच्या खोलीत बोळातली आपली चार घरं जमायची, सगळे पांढऱ्या कपड्यांत. कपडे माय आदल्या दिवशी निळीतून काढायची, आणि तिच्या निळीचा हात असा होता की बायका विचारायला यायच्या. बाबा पुढं बसून पंचशील द्यायचे. पाचवं शील नशापाण्याचं. ते बाबा बाकीच्या चारांपेक्षा सावकाश म्हणायचे, एकेकाच्या तोंडाकडं बघत. त्यांचा एक मावसभाऊ एकदा पिऊन वंदनेला आला होता. बाबांनी त्याला हाताला धरून उठवलं, बोळाच्या तोंडापर्यंत नेऊन सोडलं, आणि परत त्याचं नाव घरात निघू दिलं नाही. त्याच्या लग्नाला नाही, त्याच्या मयतीलाही नाही. मी तेव्हा फार लहान होते, पण मायच्या मनात ते रुतून बसलं होतं. दुसरी गोष्ट, बाबांना लोबान-ऊद चालत नसे. गंडे-दोरे, उतारे, अंगारा, या सगळ्याचाच त्यांना संताप होता, पण लोबानाचं काही वेगळंच होतं. गुरुवारी संध्याकाळी खाला ऊददानीत निखारे घालून वर ऊद टाकायच्या आणि धूर अंगणात आला की बाबा चपला घालून फिरायला निघायचे. तोंडानं कधी एक शब्द नाही. खालांना वाटायचं, "भाईसाब का सर नाजूक है." आम्हालाही तसंच वाटायचं.

दादा बी.कॉम.ला दुसऱ्यांदा नापास झाला त्या पावसाळ्यानंतर त्याचं घरातलं बोलणं कमी झालं. दुपारी निघायचा, दिवेलागणीला यायचा, आल्यावर भाकऱ्यांवर भाकऱ्या खायचा आणि कशालाही हसायचा. मायला आनंद व्हायचा, पोरगं जेवतंय. पुढं हसणंही गेलं. नुसता भिंतीला टेकून बसायचा, गाडीची शिट्टी व्हायची आणि तो काही बोलायचा नाही. मीच विचारायचे, "दादा, कुठली गाडी?" तो म्हणायचा, "असेल कुठली तरी." एक दिवस धुण्याचा ढीग वेगळा करताना मी त्याचा शर्ट उचलला आणि म्हटलं, "माय, याला कसला तरी वास येतोय. सुतळी जाळल्यासारखा. ओल्या गवतासारखा पण." मायनं शर्ट माझ्या हातातून घेतला, नाकाला लावला. सवयच ती, तिला काय कळणार. मग ती तो शर्ट पदराखाली घेऊन अंगण ओलांडून गेली. खालांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. शर्ट हुंगला, परत घडी घातली, आणि हळूच म्हणाल्या, "बहना, ये गांजे की बास है. मेरा मियाँ जिनके साथ उठता-बैठता था ना, उनके कपडों को आती थी." माय दारातच खाली बसली. खाला म्हणाल्या, "रोओ नक्को. मैं किसे भी नई बोलती." आणि त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही, एवढं मी त्यांच्या नावानं लिहून ठेवते.

माय दादाशी बोलली. मोरीच्या दाराशी, बाबा कचेरीत असताना. "सोड रे बाबा, तुझ्या पाया पडते." तो म्हणाला, "सोडतो गं. एवढ्या आठवड्यात सोडतो." तिनं पुढं विचारलं नाही. तिच्या डोळ्यापुढं तो मावसभाऊ आणि बोळाचं तोंड. पोराला घरात ठेवायचं असेल तर बाबांना वास येता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात बसलं आणि ती कंबर कसून कामाला लागली. बेगम बाजारातून रिठे आणले, धुण्याचा सोडा आणला, लिंबं आणली. दादाच्या कपड्यांची बादली वेगळी झाली. शर्ट आधी सोड्याच्या गरम पाण्यात, मग रिठ्याच्या फेसात, मग दगडावर बडवून लिंबाच्या पाण्यात, मग भर उन्हात उलटा करून. गळपट्टी आणि बाह्यांच्या कडांना वास जास्त धरतो, हे मीच तिला शोधून दिलं. दादा आला की आधी मोरीत. शिकेकाईनं डोकं, डाळीच्या पिठानं अंग, बोटांना लिंबाची फोड, तोंडात पेरूची पानं आणि वर बडीशेप. तो मुकाट्यानं सगळं करायचा. बाबा यायच्या आत माय मला त्याच्याजवळ ढकलायची. "बघ गं. गेला का?" मी त्याच्या केसांत नाक घालायचे आणि सांगायचे, "अजून हाय." तो परत मोरीत. मायची बोटं सोड्यानं चिरली होती, भाकरी थापताना पिठात रक्ताचा डाग पडायचा आणि ती तेवढं पीठ काढून टाकायची. पण काही केल्या वास हटत नव्हता. केसांतून गेला तर गादीला असायचा, गादी उन्हात टाकली तर त्याच्या निळ्या स्वेटरला असायचा. स्वेटर मायनं विणलेला. लोकर रोज रोज कशी धुणार? आणि थंडी सुरू झाल्यावर दादा दुसरं काही घालायला तयार नव्हता. मला तेव्हा तिचा राग यायचा. ही बाई दिवसभर धुते, आणि तो निवांत, उद्या परत धुवायला कपडे आणून देतो. त्याला तरी काय कळत होतं, आपली आई कशाला घासतेय ते.

शेवटी खालाच म्हणाल्या, "ऊद की धूनी दो. ऊद के आगे कुछ नई टिकता." आमच्याकडच्या मुसलमान घरांत न्हाऊन आलेल्या बाया केस असेच सुकवतात. ऊददानीवर वेताची टोपली उपडी घालायची, टोपलीवर ओलसर कपडा किंवा केस पसरायचे, खालून धूर. माय आधी घाबरली, बाबांचं तिला ठाऊक होतं. पण स्वेटर धुवायचा नव्हता, नुसता धुरावर धरायचा होता. दुपारी खालांच्या खोलीत माय स्वेटर टोपलीवर पसरायची आणि मी हुंगायचे. पहिल्यांदा खरंच वाटलं, जमलं. मग माझ्या लक्षात आलं की वरून ऊद आणि खालून तो. मी तसं सांगितलं. मायनं आणखी ऊद टाकला. ऊद महाग, म्हणून पुढं बेगम बाजारातून लोबान आणला आणि तांदळाच्या डब्यात लपवला. तिला कळतच नव्हतं किती झालं ते. बाकीच्या कुठल्याही घरात बाई नाकाला हात लावून थांबली असती. आमची माय माझ्या तोंडाकडं बघायची, आणि मी मान हलवली की आणखी एक चिमूट टाकायची.

आमच्याकडं तेव्हा रात्रीची जेवणं लवकर होत. बाबा, दादा आणि मी बसलो होतो, माय तव्यापुढं. दादानं स्वेटर घातलेला. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, तोंडाकडं नेला आणि परत ताटात ठेवला. "कुठल्या दर्ग्यात जातोस?" ते म्हणाले. आम्हाला कुणालाच कळेना. "आनंद, मी तुला विचारतोय. लोबानाचा वास येतोय तुझ्या अंगाला. रोज येतोय. मी गप बसलो, म्हटलं अंगणातला असेल. कुणाच्या नादी लागलास? कसला दोरा बांधून घेतलास?" दादानं मायकडं बघितलं. माय तव्यावरची भाकरी उलटायची विसरली होती, ती काळी पडत होती आणि तिला ते कळत नव्हतं. दादा म्हणाला, "नदीपलीकडच्या. गुरुवारी जातो." इतक्या सहज म्हणाला. नापास झाल्यापासून त्याचं एवढं लांब उत्तर बाबांनी ऐकलं नव्हतं.

मग बाबांनी ते सांगितलं. आम्हाला एक आत्या होती हे मला त्या दिवशी कळलं. बाबांची धाकटी बहीण, कुसुम. ताप डोक्यात गेला होता. डॉक्टर शेजारच्या गावी होता, पण घरच्यांनी तिला बैलगाडीत घालून दर्ग्यात नेलं, तोंडावर लोबानाची धूनी धरली, अंगातलं बाहेर निघेल म्हणून. पोर धुरात खोकत होती आणि बाबा, दहा-अकरा वर्षांचा पोरगा, तिचे पाय धरून बसले होते, हलू नये म्हणून. धरायला त्यांनाच सांगितलं होतं. "तिथंच गेली," बाबा म्हणाले. "त्या वासात गेली. ते सगळं सोडून आपण माणसं झालो रे, आणि तू पुन्हा तिकडंच चाललास." ते ओरडले नाहीत. हाकललं नाही. ताटावरून उठले आणि हात धुवून बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. आणि मी सांगते, मायच्या चेहऱ्यावर मला त्या क्षणी सुटल्यासारखं दिसलं. तिनं दादाला दुसरी भाकरी वाढली. पोराला आता घराबाहेर काढणार नाहीत, दर्ग्यात जाणाऱ्याला कोण काढतं, एवढंच तिला दिसत होतं. पुढचे काही आठवडे आमच्या घरात सणासारखे गेले. बाबा कचेरीत गेले की माय बिनधास्त लोबान घालायची आणि बाबा, काय सांगू, बाबा दादाशी मऊ बोलायला लागले. आजारी माणसाशी बोलावं तसं. आमचं चुकीच्या रोगावर औषध चालू होतं.

आम्हाला माहीत नव्हतं ते हे, की बाबा गुरुवारी कचेरीतून परस्पर त्या दर्ग्यात जायला लागले होते. गाव सोडल्यापासून ज्यांनी देवळाची पायरी चढली नव्हती की दर्ग्याची, ते चपला हातात घेऊन ओट्याच्या कडेला बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यात आपलं पोरगं दिसतंय का बघत. दिसलं की हाताला धरून घरी आणायचं. लोबानाच्या धुरात कसे बसले असतील, याचा विचार मी आजही फार वेळ करू शकत नाही. ते म्हणायचे, कचेरीत काम वाढलंय. मला त्यांच्या शर्टाला लोबान यायचा, पण सगळ्या घरालाच येत होता, त्यात काय वेगळं काढणार?

एका गुरुवारी ते उजेडीच आले. हातात जिलबीचा पुडा. इतके खुशीत मी त्यांना दादाच्या दहावीच्या निकालानंतर पाहिलं नव्हतं. "अगं ऐकलंस का," त्यांनी दारातूनच मायला हाक मारली. "पोरगा खोटं बोलतो. दर्ग्यात जात नाही तो. मी बसून बघितलं. आज तिथल्या झाडलोट करणाऱ्यालासुद्धा विचारलं, फोटो दाखवला. तो म्हणाला, ये छोकरा इधर कब्बी आया नई." बाबा हसत होते. "नादी नाही लागला गं आपला पोरगा. उगाच आपण." मग ते शर्टाची बटणं काढायला लागले. "हा आधी धुवायला टाक. ते मलंग फकीर बसतात तिथं चिलीम ओढत, आज माझ्या अगदी शेजारी होते. गांजा ओढतात नुसता. बघ कसा वास धरलाय." त्यांनी शर्ट माझ्याकडं देताना स्वतःच एकदा बाहीला नाक लावलं. आणि ते थांबले. परत हुंगलं. दादाचा निळा स्वेटर खुंटीला होता. बाबा बनियनवर तसेच खुंटीपाशी गेले, स्वेटर दोन्ही हातांत घेतला आणि त्यात तोंड खुपसलं. कितीतरी वेळ तसेच उभे होते. अंगणात खालांचं मशीन चालू होतं. मायनं पुड्यातली जिलबी ताटलीत काढायला घेतली होती, तिचा हात तिथंच राहिला. बाबांनी तोंड वर केलं तेव्हा मायला विचारलं नाही, की ठाऊक होतं का. तिच्या चिरलेल्या बोटांकडं बघितलं फक्त.

दिवेलागणीला दादा आला. बाबा अंगणात दगडापाशी उभे, बंबात पाणी तापलेलं. "ये," म्हणाले. "कपडे काढ. बस." मिशा फुटलेला पोरगा, चड्डीवर धुण्याच्या दगडावर जाऊन बसला. समोर खालांनी आपलं दार आतून लावून घेतलं, बघायला नको म्हणून. बाबांनी त्याच्या डोक्यावर तांब्यानं पाणी घातलं, साबण लावला आणि नारळाच्या शेंडीनं घासायला लागले. मान, कानामागं, पाठ, हाताची बोटं एकेक करून. कातडी लाल झाली. दादा मान खाली घालून बसला होता. बाबाच बोलत होते, आणि बोलताना रडत होते. "जाईल. धुतल्यावर सगळं जातं. जाईल, थांब." त्यांनी मला हाक मारली. "इकडं ये. बघ." मी जवळ गेले, ओल्या केसांत नाक घातलं. होता. मी म्हटलं, "हाय, बाबा." ते परत घासायला लागले. पाठीवर रक्ताच्या बारीक रेघा उठल्या. माय दारात उभी राहून म्हणत होती, "अहो, पुरे. पुरे की हो." बाबांनी दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा रडून रडून माझं नाक चोंदून गेलं होतं. मी परत नाक घातलं. साबण नाही, पाणी नाही, काहीच येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं, मायला कसं वाटत असेल ते. दादानं मान वर करून माझ्याकडं बघितलं, त्याचे डोळे साबणानं लाल झाले होते. "मला काही येत नाही, बाबा," मी म्हटलं. बाबांच्या हातातून शेंडी खाली पडली. "गेला," ते म्हणाले. "गेला बघ. झालं आता." त्यांनी स्वतःच्या हातानं त्याचं अंग पुसलं, पौर्णिमेचे पांढरे कपडे काढून त्याला घातले, आणि ताटावर आपल्या शेजारी बसवून जिलबी भरवली. दादानं तोंड उघडलं, खाल्ली. बाबांना खरंच वाटलं, संपलं.

सकाळी तो नव्हता. पांढरे कपडे अंगावर होते ते आणि पायातल्या चपला, बाकी काही नेलं नाही. स्वेटर खुंटीला होता. पहाटे नांदेडकडची गाडी जाते, तिनं गेला असेल असं आम्ही धरलं, कारण दुसरं काही धरायला नव्हतं. बाबा परभणीला जाऊन आले, नांदेडला जाऊन आले. पुढं बोळातल्या कुणीतरी सांगितलं की कुठल्याशा उरुसात मलंगांच्या घोळक्यात तसाच एकजण दिसला होता, दाढी वाढलेली, पण चालणं आनंदसारखं. एवढ्यावर बाबांचे गुरुवार परत सुरू झाले. नदीपलीकडचा दर्गा, मग दुसरा, मग शहराबाहेरचे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर तर सकाळीच निघायचे. पांढरा शर्ट, हातात चपला, आणि जो लोबान त्यांना आयुष्यभर सोसला नाही त्यात संध्याकाळपर्यंत बसून राहायचे. पौर्णिमेची वंदना चालू होती, पण पाचवं शील आलं की ते आता मान खाली घालून, भरभर म्हणून टाकायचे.

मायनं त्यांना एकदाही जाऊ नका म्हटलं नाही. गुरुवारी दिवेलागणीला ती बंब पेटवायची. बाबा यायचे, अंगाला दोन्ही वास, आणि मोरीत जायचे. त्यांच्यापुरतं पाणी एका बादलीत यायचं, पण माय बंब काठोकाठ भरायची. उरलेलं पाणी कुणाला वापरू द्यायची नाही. मी एकदा त्यातलं घेऊन पाय धुतले तर तिनं माझ्या हातातला तांब्या हिसकावून घेतला. पाणी निवून गार झालं की मग तीच सीताफळाला ओतायची. एकदा ते ओतताना ती म्हणाली, "हाकललं नाही गं त्यांनी. मी उगाच भेले. सोडा लावत बसले, लोबान घालत बसले. पोराला एकदा जवळ बसवून विचारायचं होतं, कायचं दुखणं हाय तुला म्हणून. कुणीच विचारलं नाही." तिनं रिकामी बादली पालथी घातली आणि भाकऱ्या करायला गेली.

बाबा गेले, खाला त्यांच्या लेकीकडं गेल्या, बरकतपुऱ्याचं ते घर पाडून तिथं चार मजली इमारत झाली. माय शेवटची काही वर्षं माझ्याकडं होती. माणसं ओळखायची नाही नीट, वार मात्र तिचा चुकला नाही. गुरुवारी संध्याकाळ झाली की भिंतीला धरून बाथरूमपाशी यायची आणि म्हणायची, "पाणी ठेव गं." मी गीझरचं बटण दाबायचे. ती दाराशी स्टुलावर बसायची, मांडीवर कोरडा टॉवेल घेऊन, लाल दिव्याकडं बघत. दिवा विझून पाणी तापल्याचं कळलं तरी उठायची नाही. कधीतरी मला जवळ बोलवायची, आणि जिन्यात कुणा पोराची पावलं वाजली की विचारायची, "बघ बरं दार उघडून. कुणी आलं का?" मी दार उघडायचे. वरच्या मजल्यावरचं एखादं पोरगं असायचं, डिओ मारलेलं, आणि त्याच्या खाली तोच वास. ते वर निघून जायचं. मी दार लावून मायला सांगायचे, "कुणी नाही." ती म्हणायची, "असू दे. पाणी गरम राहू दे जरा."